नवले पुलाच्या उतारावर मागून बसलेली धडक : स्वतःच्याच अपघाताचा पंचनामा

मी शिरवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे कुणाच्या बोटाला खरचटलं तरी सेफ्टी कमिटी बसते, ‘का झालं?’ हा प्रश्न पाच वेळा विचारते आणि पाचवं उत्तर मिळेपर्यंत कुणाला उठू देत नाही. गेल्या जुलैत माझ्या मोटरसायकलला एका पिकअपने मागून ठोकलं तेव्हा मात्र घरचे, शेजारचे, दवाखान्यातले, सगळे पहिल्याच उत्तरावर थांबले. “मागच्याची चूक.” खोटं नव्हतं ते. पण मागच्याची चूक म्हटलं की माझ्या हातात काहीच उरत नाही. उद्या परत त्याच रस्त्याने जायचं तर मागच्यांना सुबुद्धी मिळो एवढीच प्रार्थना. म्हणून हात प्लास्टरमध्ये असताना, वेळच वेळ होता तेव्हा, कारखान्यातली पद्धत मी स्वतःवर लावून पाहिली.

घडलं ते

मंगळवार, संध्याकाळचे सव्वासात. पाऊस म्हणावा असा नव्हता, भुरभुर होती. पुण्यात शिरताना लागणारा नवा कात्रज बोगदा ओलांडून मी वारज्याला घरी निघालो होतो. हा रस्ता न पाहिलेल्यांसाठी सांगतो : बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पूल, पुढे स्वामीनारायण मंदिर, मग सेल्फी पॉइंट आणि नवले पूल, असा रस्ता सलग उतरत जातो. डोळ्याला तो उतार फारसा वाटत नाही, चाकाला बरोबर कळतो. साताऱ्याकडून आलेले काही ट्रकवाले इथे डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापलेले, आणि खाली नवले पुलाशी शहराची गर्दी तुंबलेली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीने इथे एका दमात कित्येक गाड्या चेपल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला ताबा सुटलेल्या कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली, आठ जण गेले. त्या मानाने माझं प्रकरण अगदीच किरकोळ. आणि किरकोळ होतं म्हणूनच ते उकलून बघता आलं.

मंदिर मागे टाकल्यावर पुढे रांगेचं शेपूट दिसलं. माझा वेग पन्नासच्या आसपास असेल. उजवीकडे ट्रक, समोर एक पांढरी कार. मी ॲक्सिलरेटर सोडला, चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. ओल्या उतारावर ब्रेक कमी आणि गिअर जास्त, हे मला वडिलांनी त्यांच्या जुन्या स्कूटरवर शिकवलेलं. मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकवला होता. अगदी शेवटी पुढचा ब्रेक दाबून गाडी उभी केली. कारच्या बंपरपासून जेमतेम चार फुटांवर, बरोबर तिच्या मधोमध. मग गाडी न्यूट्रलला, दोन्ही पाय खाली, आणि डाव्या हाताने हेल्मेटची काच पुसायला घेतली.

काच पुसत असताना मागून टायर घासल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, कसला आहे तेही ओळखलं, आणि जागचा हललो नाही.

पिकअपचा वेग तोवर बराच उतरला होता. तरी गाडी माझ्या मांड्यांमधून पुढे निसटल्यासारखी झाली, पुढचं चाक कारच्या बंपरवर आदळलं आणि मी डाव्या अंगावर पडलो. पडताना तोच मोकळा हात जमिनीवर टेकला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं, ते मोडलं. डॉक्टर म्हणाले, या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायला आळशी. मान आठवडाभर वळत नव्हती. कारच्या सीटला डोकं टेकायला उशी असते, मोटरसायकलवर मागून धक्का बसला की डोकं अडवायला काही नाही.

पिकअपचा ड्रायव्हर पन्नाशीचा, फलटणकडचा. पोल्ट्रीचं खाद्य भरून चाकणला निघालेला. आधी मला उठवलं, बाटलीतलं पाणी दिलं, आणि मग म्हणाला, “दादा, देवाशपथ लाइट न्हाय दिसली. एकदम लाल झालं आन् तुमी हुभंच!”

“मामा, मी केव्हाचा स्लो करत होतो,” मी म्हणालो. मनात म्हटलं, सगळे हेच सांगतात.

लाल दिवा कधी लागला

चार दिवसांनी मेकॅनिकचा फोन आला. मडगार्ड, इंडिकेटर, हँडल वगैरेचा हिशेब सांगून झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, आणखी एक. तुमच्या मागच्या ब्रेकची लाइट पाय पूर्ण रेटल्याशिवाय लागतच नाही. पुढचा लिव्हर दाबला की लागते.”

ब्रेक लाइटला दोन वेगवेगळे स्विच असतात, हे मेंटेनन्समध्ये सतरा वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नव्हती. एक पुढच्या लिव्हरपाशी, दुसरा मागच्या पेडलजवळ. पेडलचा स्विच एका बारीक स्प्रिंगने ओढला जातो. ब्रेक शू झिजतात, मग पेडलचा प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, कमी-जास्त केला जातो, पण स्विच होता तिथेच राहतो. स्प्रिंगही हळूहळू सैल पडते. परिणाम असा की ब्रेक आधी लागतो आणि दिवा नंतर, कधी कधी तर बराच नंतर. पीयूसीवाला धूर बघतो, सर्व्हिसिंगवाला ऑइल बघतो, चालवणाऱ्याला स्वतःचा टेललॅम्प दिसत नाही. माझा किती महिने असा होता कुणास ठाऊक.

आता मामांच्या जागी बसून पाहा. मी पन्नासवरून शून्यावर आलो ते सुमारे नव्वद मीटरमध्ये, बारा-तेरा सेकंद घेऊन, जवळजवळ सगळं गिअरवर. गिअर उतरवून वेग कमी केला की दिवा लागत नाही, कारण दिवा ब्रेकच्या स्विचला जोडलेला असतो, वेगाला नाही. मागच्या ब्रेकवर पाय टेकवला होता, पण स्विच बिघडलेला. म्हणजे या तेरा सेकंदांत मी मागच्याला एकदाही सांगितलं नाही की मी थांबतोय. पुढचा लिव्हर दाबला तेव्हा दिवा लागला, पण तोवर मी उभाच होतो. मामा अक्षरशः खरं बोलत होते.

दुसरी गोष्ट मला आधी सुचली नव्हती. कारला मागे दोन दिवे असतात. आपण जवळ जाऊ तसं त्या दोन दिव्यांतलं अंतर डोळ्यांत रुंदावत जातं, आणि समोरची गाडी किती झपाट्याने जवळ येतेय याचा अंदाज आपण नकळत त्यावरून घेतो. मोटरसायकलला एकच दिवा. तो थोडा मोठा होतो, बस्स. संधिप्रकाशात, ओल्या काचेतून, वायपरच्या फेऱ्यांमधून एक लाल ठिपका चाळीसने पळतोय की उभा आहे हे शंभर मीटरवरून ओळखणं अवघड आहे. त्यात माझा रेनकोट काळा, पाठीवरची सॅक काळी, आणि रेनकोटचा मागचा घेर सीटवरून खाली लोंबत होता. त्याने दिवा झाकला होता का, हे आता सांगता येणार नाही. बायकोने नंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला तोच रेनकोट घालून गाडीवर बसवलं आणि मागून मोबाइलवर फोटो काढला. फोटोत निम्मा टेललॅम्प दिसत नव्हता.

पाच सेकंद

मला सगळ्यात जास्त टोचलेला भाग आता येतो.

दिवा लागला तेव्हा पिकअप माझ्यापासून साधारण चाळीस मीटरवर, ताशी चाळीसच्या वेगात असावी. घसटीच्या खुणा आणि मामांचं सांगणं जुळवून मी हा अंदाज बांधलाय, दोन-चार मीटर इकडेतिकडे. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. लाल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर सोळा-सतरा मीटर तिथेच संपले. उरलेल्या तेवीस-चोवीस मीटरमध्ये भरलेली गाडी, ओला उतार आणि घासलेले टायर. दर सेकंदाला वेग जेमतेम साडेआठ किलोमीटरने उतरत असेल, तर माझ्यापर्यंत पोचताना तो तेरा-चौदावर येतो. मनगट मोडायला एवढा पुरतो.

आता वेळ जोडा. दीड सेकंद विचाराचा, तीन-सव्वातीन ब्रेकचा. म्हणजे मी थांबल्यापासून धडक बसेपर्यंत पावणेपाच सेकंद गेले होते.

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास झाला होता, १९८१ चा हर्ट अहवाल म्हणून तो ओळखला जातो. साधारण अपघातात चालवणाऱ्याला धोका टाळायला दोन सेकंदही मिळत नाहीत, असं त्यात आढळलं होतं. मला त्याच्या दुपटीहून जास्त मिळाले, आणि ते मी काच पुसण्यात घालवले. वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. गाडी थांबली की चालवणं संपलं, असं माझ्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं, एवढंच.

हे फक्त माझंच नाही. सिग्नलला आजूबाजूला बघा. गाडी थांबली की लगेच न्यूट्रल, हात मांडीवर, नजर मोबाइलवर किंवा डाव्या बाजूच्या होर्डिंगवर. केंद्राच्या रस्ते अपघात अहवालात ‘मागून धडक’ हा प्रकार वर्षानुवर्षं सगळ्यात वर असतो, एकूण अपघातांचा सुमारे पाचवा भाग. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ होती. दुचाकीवाल्यांतले मागून धडक बसून किती गेले, ते या आकड्यांतून काढता येत नाही. पण मागून धडकेत कारवाल्याची डिकी चेपते आणि आपली डिकी म्हणजे आपली पाठ, एवढं कळायला आकडे लागत नाहीत.

त्या पाच सेकंदांत काय करता आलं असतं

कमिटीत आम्ही एक नियम पाळतो : उपाय असा सांगायचा की तो दमलेल्या माणसाला, शिफ्ट सुटल्यावर, पावसातही करता येईल. ‘सावध राहा’ हा उपाय धरत नाहीत.

पहिली गोष्ट जागेची. मी कारच्या मधोमध आणि चार फुटांवर उभा होतो. तिथून पुढे बंपर, मागे पिकअप आणि मध्ये सँडविचमधला मी. एवढ्या जागेत मोटरसायकल वळवून बाहेर काढता येत नाही. नंतर कंपनीच्या पार्किंगमध्ये एका सहकाऱ्याच्या कारमागे उभं राहून आम्ही पाहिलं. मधोमध असलो तर निदान गाडीभर, म्हणजे सात-आठ फूट जागा मोकळी हवी. पण कारच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यामागे, पुढचं चाक थोडं फटीकडे वळवून उभं राहिलं तर पाच फुटांतही सरळ फटीत घुसता येतं. तेव्हापासून मी रांगेच्या शेवटी कोपरा धरून थांबतो.

दुसरी गोष्ट गिअरची. न्यूट्रलमधून निघायचं म्हणजे क्लच, गिअर, मग ॲक्सिलरेटर. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे असाल तर फक्त क्लच सोडायचा. सहकाऱ्याने मोबाइलवर वेळ लावली, मी दहा-बारा वेळा करून पाहिलं. न्यूट्रलमधून निघायला जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता, आणि घाबरलेला माणूस गिअर चुकतोही. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, “असं प्रत्येक सिग्नलला क्लच दाबून बसलो तर केबल तुटेल आणि हातही.” बरोबर आहे. म्हणून माझी तडजोड अशी की मागे एक मोठी गाडी पूर्ण थांबेपर्यंत पहिला गिअर आणि नजर आरशात. ती थांबली की खुशाल न्यूट्रल. ती थांबलेली गाडीच मग माझी भिंत होते. बहुतेक वेळा हे दहा-पंधरा सेकंदांचं काम असतं.

तिसरी गोष्ट दिव्याची, आणि सगळ्यात स्वस्त तीच. गिअरवर वेग उतरवायची सवय मी मोडलेली नाही, ओल्या उतारावर ती चांगलीच आहे. पण आता मागच्या पेडलवर पाय एवढा ठेवतो की दिवा लागेल, आणि थांबताना दोन-तीनदा दाबून सोडतो, म्हणजे दिवा लुकलुकतो. स्थिर लाल ठिपक्यापेक्षा लुकलुकणारा डोळ्यात भरतो. थांबल्यावरही मागे कुणी येईपर्यंत लुकलुकवत राहतो. हायवेवर रांगेचं शेपूट मीच असलो तर हझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावतो आणि मागे गाडी आली की बंद करतो. पाऊस पडतोय म्हणून चालत्या गाडीवर हझार्ड लावून जाणाऱ्यांचा मला राग आहे, कारण मग ती व्यक्ती डावीकडे वळणार की उजवीकडे ते कळत नाही. ते असो.

स्विच मी स्वतः बसवला. भाग किरकोळ किमतीचा. रोज सकाळी गाडी काढताना भिंतीकडे पाठ करून दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबायचे आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का बघायचा. किल्ली लावून चालू करण्याइतकाच वेळ लागतो.

निसटून जायच्या फटीबद्दल एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण परदेशी व्हिडिओंत तो नसतो. कॅलिफोर्नियात थांबलेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून मोटरसायकल नेण्याला २०१७ पासून कायद्याची मान्यता आहे, आणि तिथले चालक त्याचं एक कारण हेच देतात, की रांगेच्या शेपटाला उभं राहण्यापेक्षा फटीत शिरलेलं बरं. आपल्याकडे मान्यता कुणी मागत नाही, फट दिसली की चार जण घुसतात. म्हणजे माझी निसटायची वाट हीच मागच्या स्कूटरवाल्याचा महामार्ग. आरशात फक्त मागचा टेम्पो बघून मी उजवीकडे निसटलो तर कुणी तिथे मला बाजूने ठोकणार. म्हणून थांबतानाच दोन्ही आरसे बघून कुठली फट जास्त रिकामी ते ठरवलेलं असावं. आवाज आल्यावर ठरवायला बसलो तर पाच सेकंद पुरत नाहीत.

चूक कुणाची

विम्याच्या कागदांसाठी हा प्रश्न येणारच होता. पुढच्या गाडीने अचानक वेग कमी केला किंवा ती थांबली तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्याने राखावं, असं १९८९ च्या वाहतूक विनियमांतच होतं. त्याच विनियमांत हेही होतं की सुरक्षेसाठी गरज असल्याशिवाय कुणी एकदम ब्रेक मारू नये. पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, दुसरं कुणी वाचत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात निकाल दिला. महामार्गावर एका कारवाल्याने अचानक गाडी थांबवली, मागचा मोटरसायकलवाला तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायालयाने दोष वाटला : कारवाल्याचा ५० टक्के, बसचा ३०, मोटरसायकलवाल्याचा २०. न्यायालयाला वाटणी करावीच लागते. पाय मात्र शंभर टक्के त्या मुलाचाच गेला.

माझ्या प्रकरणात मी मामांवर तक्रार वाढवली नाही. गाडीचा खर्च त्यांच्या विम्यातून निघाला. कारखान्याच्या पद्धतीने मी पाच ‘का’ लिहिले तेव्हा शेवटच्या ओळीला आलं ते हे : ब्रेक लाइट वेळेवर लागते का हे कुणी, कधी आणि कसं तपासायचं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. मशीनच्या बाबतीत असं सापडलं असतं तर मी समोरच्याला झापलं असतं.

आणि तरीही

वर लिहिलेलं सगळं मी करतो. पण त्या उतारावर ब्रेक गेलेला कंटेनर मागून आला तर यातलं काहीही कामाचं नाही, हेही मला माहीत आहे. तिथे कोपरा नाही, फट नाही, आणि मागे थांबलेली ‘भिंत’ माझ्यावरच येणार. म्हणून पावसाळी संध्याकाळी मी आता बोगद्याकडे जातच नाही. शिंदेवाडीवरून जुन्या कात्रज घाटाने उतरतो. वळणं जास्त, खड्डे जास्त, घरी वीस-पंचवीस मिनिटं उशीर. पण मागे भरलेले ट्रक कमी.

घाट उतरला की कात्रज चौकाची कोंडी. परवा तिथे रांगेत उभा होतो. कारच्या डाव्या कोपऱ्यामागे, पहिल्या गिअरमध्ये, दिवा लुकलुकवत, आरशात बघत. मागून एक रिक्षा आली आणि शहाण्यासारखी थांबली. मी समाधानाने न्यूट्रल केलं. तेवढ्यात रिक्षा आणि फुटपाथ यांच्यामधल्या, स्कूटर मावेल असं मला वाटलंही नव्हतं अशा फटीतून एक मुलगी आली आणि माझ्या नव्या मडगार्डला हलकेच टेकली.

“सॉरी काका,” ती म्हणाली. “तुमची लाइट सारखी चालू-बंद होतेय, लूज आहे का बघा.”